अनुराधपूरसाठी दोन बर्थ

जयवंता गेल्याचं मला नागपूर स्टेशनच्या रिझर्व्हेशनच्या खिडकीपाशी कळलं. सत्त्याहत्तर सालच्या मार्चची सात तारीख होती. मी सकाळी सहापासून रांगेत उभा होतो आणि साडेनऊ वाजत आले होते. माझ्यापुढे दोन माणसं उरली होती.

चंपतराव सायकल बाहेर टाकून आत आला. तो आमचा इंदोऱ्यातला शेजारी. खापरखेड्याच्या वीजघरात आम्ही वीस वर्षं एका पाळीत काढली, मी बॉयलरवर फिटर आणि तो कोळशाच्या पट्ट्यावर. त्याला धाप लागली होती. त्यानं माझा दंड धरला.

"बळीराम, चाल गा. वहिनी गेली. नळावर बसल्या बसल्या पडली. दवाखान्यात नेऊन राहिलो होतो, रस्त्यातच गेली."

मी त्याला म्हणालो, "दोनच मानसं राह्यले गा पुढं. थांब जरा."

हे मी बोललो. मला ऐकू आलं नव्हतं असं नाही. सगळं नीट ऐकू आलं होतं.

चंपतराव माझ्या तोंडाकडे बघत उभा राहिला. पुढच्या माणसाला इटारसीचं तिकीट हवं होतं आणि त्याच्याकडे गाडीचं नाव नव्हतं. त्यानं दहा मिनिटं घेतली. मग माझा नंबर आला. मी फॉर्म आत सरकवला. ग्रँड ट्रंक एक्सप्रेस, सव्वीस एप्रिल, नागपूर ते मद्रास, दोन बर्थ. बाबूनं नावं वाचली, वयं वाचली आणि चष्म्यावरून पाहिलं.

"दादाजी, आप एकसठ और मैडम बीस? सही लिखा है?"

मागची रांग हसली.

"बराबर हाय," मी म्हणालो.

त्यानं तिकिटांच्या मागे डब्याचा नंबर लिहिला, बर्थ एकतीस आणि बत्तीस लिहिलं. मी तिकिटं खिशात घातली, खिशाचं बटण लावलं आणि चंपतरावच्या सायकलवर मागे बसलो. रस्ताभर निवडणुकीचे भोंगे ओरडत होते. मी तिकिटांसाठी थांबलो होतो हे चंपतरावनं पुढे कोणाला सांगितलं नाही. मलाही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

ही सगळी कटकट पंच्याहत्तर सालापासून सुरू झाली. लंकेचे एक भन्ते आमच्या विहारात आले होते. त्यांनी सांगितलं की अशोकाच्या मुलीनं, संघमित्रेनं, बोधिवृक्षाची फांदी बोटीतून तिकडे नेली आणि ते झाड अनुराधपूरला अजून उभं आहे; बोधगयेचं मूळ झाड मात्र गेलं, आताचं पुष्कळ नंतरचं आहे. जयवंता बायकांत पुढे बसली होती. घरी येताच तिनं विषय काढला.

"अवो, बोधगयेचं झाड आपण पाह्यलं ना?"

"पाह्यलं."

"ते नातू हाय म्हनते. आजी तिकडं हाय. मले आजी पाह्यची हाय."

"मंधात समुद्र हाय वं."

"ते बाई दोन हजार वर्षापैले गेली, तिले नाई आडवा आला समुद्र. तुमाले रेल्वे असून आडवा येते?"

मी रिटायर झालेला माणूस. मला काम हवंच होतं. म्हटलं, पाहू.

स्टेशनच्या चौकशीच्या खिडकीवर गेलो. म्हटलं, लंकेला रेल्वेनं कसं जायचं. आतला माणूस म्हणाला, "वो तो समंदर में है, चाचा." म्हटलं, ते मला माहीत आहे, समुद्रापर्यंतची गाडी सांगा. तो म्हणाला, "कौन से समंदर तक?" मी परत आलो आणि रेल्वेचं टाइमटेबल विकत आणलं. ते वाचायला मला आठ दिवस लागले. एका पानावर गाडी सुटते, ती दुसऱ्या पानावर पोचते, आणि तिसऱ्या पानावर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की गुरुवारी नाही.

शेवटी मी स्वयंपाकघराच्या भिंतीवर खडूनं नकाशा काढला. वीजघरात वाफेच्या पाइपांचा काढतात तसा. नागपूर ते मद्रास एक गाडी. मद्रासला दोन स्टेशनं, एका स्टेशनावर उतरायचं आणि दुसऱ्यावर चढायचं, कारण पुढचे रूळ अरुंद आहेत. तिथून रामेश्वरम. रामेश्वरमहून बोट, तीही रोज नाही, आणि हिवाळ्याच्या तोंडाला वारा असला की महिना-दोन महिने मुळीच नाही. पलीकडे तलाईमन्नार, तिथून पुन्हा रेल्वे, मग अनुराधपूर. प्रत्येक ठिकाणी मी एक व्हॉल्व्ह काढला. एक जरी बंद असला तर मागचं सगळं अडतं. जयवंता त्या भिंतीकडे तोंड करून पोळ्या लाटायची आणि स्टेशनांची नावं म्हणायची. तलाईमन्नार तिला फार आवडायचं. आल्यागेल्याला ती सांगायची, "आमी तलाईमन्नारवरून जाऊ," जसं काही काटोलवरून जायचं आहे.

पासपोर्ट, व्हिसा, रिझर्व्ह बँकेचा कागद, कॉलऱ्याची सुई, देवीची लस, हे सगळं करून देणारा माणूस म्हणून कोणी तरी मला सीताबर्डीच्या ओमप्रकाशकडे पाठवलं. तो बसनं लोकांना बद्री-केदारला न्यायचा. लंकेला त्यानं आजवर कोणालाही पाठवलं नव्हतं, पण हे त्यानं आम्हाला पुष्कळ दिवसांनी सांगितलं. पहिल्या दिवशी तो नुसता हसला.

"चाचीजी, लंका तो हम लोग हर दसहरे को जलाते हैं. आप को वहाँ क्या करना है?"

जयवंता म्हणाली, "दसऱ्याले आमाले फुरसत नसते, भाऊ. आमचा दुसरा कार्यक्रम असते."

दसरा म्हणजे आमचा दीक्षेचा दिवस. ओमप्रकाश नागपूरचाच, त्याला समजलं. त्यानं चहा मागवला.

त्या वेळी एका पासपोर्टवर नवराबायको दोघांचे फोटो लावता यायचे. ओमप्रकाशनं आम्हाला प्रश्नांचा एक मराठी कागद दिला. आधी माझं पान, नंतर बायकोचं. घरी भरून आणा, माझा टायपिस्ट इंग्रजीत उतरवेल, असं तो म्हणाला.

आता इथं मी जे केलं ते वीजघराच्या सवयीनं केलं. बॉयलर बंद करून आत शिरायचं असलं तर एक परवान्याचा कागद असतो. ज्याच्या नावावर कागद, त्यानंच तो भरायचा, त्यानंच सही करायची आणि बाहेर आल्यावर त्यानंच परत द्यायचा. दुसऱ्यानं त्याच्या रकान्यात टिंबसुद्धा मारायचं नाही. कारण समजा कोणी घाईत दुसऱ्याचा कागद परत केला आणि वाफ सोडली, तर आत माणूस असतो. तेवीस वर्षं मी हा नियम पाळला. म्हणून मी माझं पान भरलं आणि तिचं पान तिच्यापुढे ठेवलं. ती दोन वर्षांपासून विहारातल्या बायकांच्या वर्गात जात होती. लिहायला शिकली होती. तिनं सुपारीएवढ्या अक्षरांत पान भरलं, दुपारभर भरलं, आणि घडी करून मला दिलं. मी ते उघडून पाहिलं नाही. टायपिस्टनं जसंच्या तसं इंग्रजीत उतरवलं. आम्ही सह्या केल्या. शहात्तरच्या सप्टेंबरात कागद मुंबईला गेले.

नोव्हेंबरच्या शेवटी ते परत आले. ओमप्रकाशनं बोलावणं पाठवलं. मी गेलो तर तो खुर्चीवर मागे रेलून हसत होता.

"चाचा, आप की शादी कब हुई?"

"काहून?"

"इधर लिखा है कि चाची का जनम चौदह अक्तूबर छप्पन. और लड़की आप की बत्तीस की है. तो लड़की अम्मा से बारा साल बड़ी. वो लोग खुलासा माँग रहे हैं. मैं क्या खुलासा दूँ?"

चौदा ऑक्टोबर छप्पन म्हणजे ज्या दिवशी आम्ही दीक्षा घेतली तो दिवस. मी कागद घेऊन तसाच सायकलवर घरी आलो. त्या दिवशी आमची मुलगी प्रेमिला कळमेश्वरहून आली होती. मी दारातूनच ओरडलो.

"जयवंता, हे का लिवलं वं तू?"

तिनं कागद पाहिला. "बराबर तं हाय."

"का बराबर हाय? जन्म विचारला होता, जन्म! दीक्षा नाई विचारली!"

"त्याच दिवशी जन्मली मी."

"अवं, त्या दिवशी तू चौतीस वर्षाची असशीन! पांढरं लुगडं नेसून, प्रेमिलाचा हात धरून चालत गेली. हे पोरगी बारा वर्षाची होती!"

"त्याच्या आंधीचं तुमाले मालूम हाय का? सांगा मंग तारीख."

मला माहीत नव्हती. तिच्या आईलाही नव्हती. मोठ्या पुराच्या साली की त्याच्या पुढच्या, एवढंच ती सांगायची.

जयवंता आत गेली आणि वर्गाची वही घेऊन आली. पानापानावर लिहिलं होतं: माझे नाव जयवंता बळीराम चहांदे. माझा जन्म १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे झाला. खाली लाल शाईनं बरोबरची खूण होती.

"पाहा. सुमतीबाईनं बराबर देल्लं हाय."

"सुमतीबाई पासपोर्ट देते का?"

प्रेमिला पोट धरून हसत होती. "बाबा, ओरडू नका माह्या लहान बहिनीवर," ती म्हणाली. जयवंतालाही हसू आलं. मला आलं नाही. अडीच महिने वाया गेले होते. पहिल्यांदाच कागद नीट गेला असता तर वारा पडल्यावर जानेवारीत आम्ही बोटीत बसलो असतो. हे मी तेव्हा म्हणालो आणि नंतरही पुष्कळदा म्हणालो. आता अनुराधपूर पाहून परत आलो असतो, असं मी फेब्रुवारीतही तिला ऐकवलं. ती मार्चमध्ये गेली.

खुलाशासाठी प्रतिज्ञापत्र लागतं. कोर्टाबाहेरच्या टायपिस्टनं विचारलं, तारीख काय टाकू. मी म्हटलं, माहीत नाही. तो म्हणाला, "एक जुलै टाका, शाळेत सारे मास्तर तेच टाकतात. साल सांगा." मी बावीस सांगितलं. जयवंता बाकावर बसली होती. कागद तिच्यापुढे केला तर तिनं हात पदराखाली घेतला.

"तुमीच लिवलं, तुमीच सही करा."

"तुह्या नावाचा कागद हाय. मी कशी करू?"

"मंग माह्या नावाच्या कागदावर तुमी तारीख कशी लिवली?"

मी चिडलो. म्हटलं, सही नसन करत तर राह्य घरी, भिंतीवरचं तलाईमन्नार पाहत बस. ती उठली, टेबलाशी गेली आणि सही केली. तिला सही करायला वेळ लागायचा. टायपिस्ट बोटं वाजवत बसला होता. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ नाही म्हटल्यावर बोलली, आणि जे बोलली ते इथं लिहीत नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी पासपोर्ट आला. एका पानावर मी, एका पानावर ती. सुया टोचून झाल्या. तिला दोन दिवस ताप आला, तरी डागाचा हात बाहेर काढून ती गल्लीत सगळ्यांना दाखवत फिरली. वैशाख पौर्णिमेला झाडापाशी असायचं असं ठरलं. त्या हिशेबानं सव्वीस एप्रिलची गाडी. सात मार्चला सकाळी मी रांगेसाठी निघालो तेव्हा तिनं पोळी-चटणीचा डबा दिला.

"रेल्वेच्या फारमात वय लिवा लागते ना?"

"लागते."

"तिथं कोनी पुरावा मांगते का?"

"नाई मांगत."

"मंग तिथं तरी माहं खरं लिवजा."

मी म्हटलं, पाहू. रांगेत उभ्या उभ्या फॉर्म भरताना मी तिच्या नावापुढे वीस लिहिलं. छप्पनपासून मोजलं तर वीस पुरी होतात. तिला सांगणार नव्हतो. गाडी सुटायच्या आधी डब्याच्या दाराशी नावांचा चार्ट चिकटवतात. नाव, बाई की पुरुष, वय. नाव इंग्रजीत असतं, ते तिला वाचता आलं नसतं, पण इंग्रजी आकडे तिला बसच्या पाट्यांवरून येत होते. ती चार्ट पाहील, बत्तीस नंबरपुढे वीसचा आकडा पाहील, मग माझ्याकडे पाहील. एवढंच मला हवं होतं. चंपतराव आला तेव्हा दोन माणसं पुढे होती आणि फॉर्म माझ्या हातात होता.

माणूस गेल्यावर आमच्यात पुण्यानुमोदन करतात, त्याला वर्गातल्या सगळ्या बायका आल्या. सुमतीबाई मला म्हणाल्या, "दादा, तुम्ही जाऊन या. तिच्या वाटचं पाहून या." प्रेमिला म्हणाली, "काही नका जाऊ. एकसष्टीचे झाले तुमी. बोटीत चक्कर आली तं कोन पाह्यन?" मी म्हटलं, जाणार. भिंतीवरचा नकाशा तसाच होता. एवढे व्हॉल्व्ह उघडले होते. थांबायचं कशाला?

पासपोर्ट घेऊन ओमप्रकाशकडे गेलो. त्यानं आधी दुःख व्यक्त केलं, ते खरं होतं, त्याचे डोळे भरले होते. मग तो पासपोर्टाकडे बघून म्हणाला, "चाचा, इस में तो दो फोटो हैं."

"मंग?"

"मद्रास में व्हिसावाला पूछेगा, दूसरी कहाँ है. चाची का नाम कटवाना पड़ेगा."

"कटवाना?"

"मतलब कम कराना. मृत्यू का दाखला जोड़ना पड़ेगा."

हे खरंच लागत होतं की नाही, मला आजही माहीत नाही. बद्री-केदारला बस नेणारा माणूस, त्यालाही बहुधा माहीत नसावं. पण दुसरा कोणी सांगणारा नव्हता. मी दाखला काढला. दाखल्यावर वय साठ. घाटावरच्या वहीत चंपतरावनं अंदाजानं साठ सांगितलं होतं. त्या दिवशी मला विचारायची कोणाची हिंमत झाली नाही. पासपोर्टप्रमाणे चोपन्न. ओमप्रकाश म्हणाला, दोन्ही कागद एक पाहिजेत.

"चंपत, साठ काहून सांगतलं गा?"

"मले का मालूम? माह्या बायकोपेक्षा मोठी होती, तं सांगतलं. तुले मालूम होतं तं तू सांगाचं होतं."

दाखल्याच्या खिडकीवर गेलो. त्यांनी सांगितलं, वय बदलायचं तर नवऱ्याचं प्रतिज्ञापत्र आणा. म्हणजे पुन्हा कोर्ट, पुन्हा तोच टायपिस्ट, तोच बाक. त्यानं मला ओळखलं नाही. कागद टाइप करून माझ्यापुढे ठेवला. मी चष्मा लावून वाचला. मी, बळीराम चहांदे, शपथेवर लिहून देतो की माझी मयत पत्नी जयवंता हिची खरी जन्मतारीख खालीलप्रमाणे आहे. पुढे जागा कोरी होती.

"सांगा तारीख," तो म्हणाला.

"हे 'खरी' काढता येते का?"

"काहून?"

"मले खरी मालूम नाई."

"पासपोर्टात काय हाय?"

"एक जुलै बावीस."

"मंग तेच टाकू ना. टाकू का?"

"ते मी सांगतली होती. तिनं नाई."

"अहो काका, बाई आता हाय का हरकत घ्याले?"

तो वाईट माणूस नव्हता. त्याच्यामागे सहा लोक उभे होते. मी म्हटलं, असं लिहा की नवऱ्याच्या अंदाजानं बावीस साल आणि तिच्या स्वतःच्या सांगण्याप्रमाणे चौदा ऑक्टोबर छप्पन. त्यानं मशीनवरचे हात उचलले.

"दोन जन्मतारखा? एका बाईच्या?"

"हाव."

"काका, प्रतिज्ञापत्र हाय, लग्नपत्रिका नाई, दोनी बाजूचं लिवाले. एक सांगा. नाई तं घरी जा, विचार करा, उद्या या."

मागचे लोक हसले. मी कागद उचलला आणि घरी आलो. एक तारीख लिहिली असती तर काम झालं असतं. मला ते कळत होतं. बाकी सगळ्यांनाही कळत होतं. प्रेमिलानं पत्रातून लिहिलं, ओमप्रकाशनं दोनदा निरोप पाठवला, चंपतराव म्हणाला, "तूच म्हनत होता ना जातो म्हनून?" तो रकाना तिचा होता. एकदा मी त्यात लिहिलं होतं आणि तिच्याकडून सही काढली होती. आता सही करायला तीही नव्हती आणि लिहायला पुन्हा मीच. हे मी चंपतरावला सांगितलं नाही. तो रिटायर झाल्यावर वीजघराचं सगळं विसरला आहे.

असे दिवस गेले. एप्रिलच्या पंधरा तारखेनंतर लिहूनही उपयोग नव्हता. पासपोर्ट मुंबईला जाऊन पौर्णिमेच्या आत परत आला नसता. ओमप्रकाश म्हणाला, तिकिटं तरी रद्द करा, अजून वेळ आहे. मी रद्द केली नाहीत. रद्द केली तर चार्टवर नाव येत नाही.

सव्वीस तारखेला दुपारी मी स्टेशनवर जायला निघालो. चंपतरावनं मला कपडे करताना पाहिलं आणि सायकल काढली. म्हणाला, "एकटा नको जाऊ." त्याला वाटलं मी गाडीत बसणार. माझ्याजवळ पिशवीही नव्हती, तरी त्याला तसं वाटलं.

ग्रँड ट्रंक पाऊण तास उशिरा आली. ऊन मी म्हणत होतं. आमचा डबा पार पुढे लागला. आम्ही दोघं म्हातारे गर्दीतून धावतच गेलो. दाराशी चार्ट चिकटवलेला होता. मी चष्मा पुसला आणि बोट लावून खाली आलो. एकतीस, चहांदे बी., पुरुष, एकसष्ट. बत्तीस, चहांदे जे., स्त्री, वीस. टाइपाची शाई थोडी फिकी होती, पण आकडा स्पष्ट होता.

चंपतराव माझ्या खांद्यावरून वाचत होता. त्यालाही आकडे येतात.

"वीस?"

"हाव."

"रेल्वेवाल्यानं चुकवलं?"

"मी लिवलं. तिनं लिवाले सांगतलं होतं."

त्यानं पुन्हा एकदा आकड्यावर बोट ठेवलं. मग माझ्याकडे बघितलं.

"त्या दिवशी याच्यासाठी थांबला होता तू?"

"हाव."

"लेका," तो म्हणाला, "दीड महिना मी तुह्यासंगं जेवलो नाई नीट. सांगाचं तं होतं." आणि त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. उन्हानं घाम येत होताच.

टीसी आला. "एकतीस-बत्तीस कोण? चला, बसा."

मी त्याला दोन्ही तिकिटं दिली. म्हटलं, आम्ही जात नाही. दारापाशी एक मद्राशी जोडपं ट्रंकेवर बसलं होतं, बाईच्या मांडीवर तान्हं मूल होतं. म्हटलं, त्यांना द्या. टीसी म्हणाला, "आजोबा, हे आधी खिडकीवर सांगायचं असतं." म्हटलं, मला माहीत आहे. तो पुटपुटला, पण त्यानं त्या बाईला आत घेतलं. चार्टवरच्या आमच्या नावांवर त्यानं काट मारली नाही, घाईत होता. गाडी सुटली तेव्हा चार्ट तसाच होता.

घरी येताना चंपतराव सायकल हातात धरून चालला, बसला नाही. वाटेत म्हणाला, "पुढच्या वर्षी जाजो. मी येतो संगं." मी म्हटलं, तुझ्याकडे पासपोर्ट आहे का. तो म्हणाला, काढू. म्हटलं, जन्मतारीख माहीत आहे का तुझी. तो सायकल ढकलत पुढे निघाला.

पासपोर्ट ओमप्रकाशकडे आहे, त्यात तिचा फोटो आहे. प्रतिज्ञापत्राचा कागद माझ्याजवळ आहे. त्यातली जन्मतारखेची जागा भरलेली नाही, आणि अनुराधपूरला जायचं राहिलं आहे.